पाण्याची वाटणी जाणणारा इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबर हा दिवस आपल्याकडे अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तसबिरीला हार पडतो, एखादे भाषण होते आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी दोन-चार ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. आगगाडीच्या रुळांचा बदललेला आवाज ऐकून त्यांनी अपघात टाळला, ही त्यांतली सर्वांत लाडकी गोष्ट. ती गोड आहे, पण या लेखात मी तिला बाजूला ठेवणार आहे. कानाच्या चमत्काराने माणूस थोर ठरत असेल, तर तुमच्या-माझ्यासारख्यांनी त्याच्यापासून घ्यायचे काय?

मी कला शाखेचा विद्यार्थी. धरणाच्या भिंतीचे गणित मला येत नाही. तरीही हा इंजिनिअर मला जवळचा वाटला, तो त्यांच्या एका प्रश्नामुळे. पाणी किती अडवायचे, हा प्रश्न इंजिनिअर मंडळी नेहमीच विचारतात. अडवलेले पाणी कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे, हा पुढचा प्रश्न विश्वेश्वरय्यांनी ऐन तारुण्यात विचारला आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीत शोधले. म्हैसूरचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु त्यांची घडण झाली ती पुण्याला, धुळ्याला आणि नीरेच्या काठी.

त्यांचा जन्म १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी, चिकबळ्ळापूरजवळचे, जुन्या म्हैसूर संस्थानातले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृताचे जाणकार. घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा शाळेत असतानाच वडील वारले. पुढे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला. १८८१ साली बी.ए. झाले. मग म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकायला येऊ शकले. (तीच संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.) १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले येऊन ते उत्तीर्ण झाले आणि पुढल्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. ही शिष्यवृत्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

नोकरीचे पहिले दिवस नाशिक आणि खानदेशात गेले. मुक्काम धुळ्याला. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पाटाचे पाणी नदीच्या पात्राखालून नळाने पलीकडे नेण्याचे, म्हणजे सायफनचे, काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळा होता. खोदलेला पाया पुराच्या वाळूने पुन्हा पुन्हा भरू लागला, तेव्हा काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना यात शिस्तभंग दिसला. कोवळ्या वयाच्या हिंदी अधिकाऱ्याने असे सुचवावे, हे त्या काळी रुचणारे नव्हतेच. विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. त्यांनी तेच काम चालू पावसात पुरे करून दाखवले आणि त्याच वरिष्ठांनी मग त्यांची वाखाणणी केली. मला यात जिद्दीपेक्षा दुसरेच काही दिसते. नदी काय करते आहे हे पाहून सांगणारा माणूस आणि कागदावरची मुदत पाहणारा माणूस यांच्यात पहिले बोलणे खरे असूनही दुसऱ्याचे चालते, हा धडा त्यांना पहिल्याच वर्षांत मिळाला.

याच भागात पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शेकडो वर्षे चालत आलेली होती. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि गावच्या भिजणाऱ्या शिवाराचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात एकच पीक. पुढल्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाण्याची तूट आली की एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्यामुळे ती तूट सर्वांनाच सोसावी लागे. यात कोणी सरकारी इंजिनिअर नव्हता. पुढे नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी जी व्यवस्था बसवली, तिच्यात आणि या फडात मला सख्ख्या भावंडांचे साम्य दिसते.

त्याआधी सिंधमधले सक्कर. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. सक्कर शहर सिंधू नदीच्या काठावर वसलेले, म्हणजे पाण्याला तोटा नाही. पण नदीचे पाणी इतके गढूळ की पिण्याजोगे नव्हे. पाणी टेकडीवर चढवून मोठ्या गाळणखान्यांतून गाळायचे, तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठालगत, विहीर खोदवली. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले पाणी विहिरीत स्वच्छ होऊनच उतरू लागले. तेथून ते बोगद्याने काठावर आणून पंपाने वर चढवले. १८९५ पर्यंत हे काम झाले. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत झरा उकरतात आणि वाटीने हंडा भरतात, त्याचेच हे शहराच्या मापाचे रूप. नदीची वाळू हीच नदीची गाळणी असते, हे त्या बायकांना ठाऊक आहे आणि विश्वेश्वरय्यांनाही ठाऊक होते. वाळूचे ट्रक भरून नेणाऱ्यांना मात्र कोणीतरी सांगायला हवे.

१८९९ च्या सुमारास ते पुण्याला पाटबंधाऱ्यांच्या कामावर आले. खडकवासल्याचा तलाव तेव्हा लेक फाइफ या नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात सांडव्यावरून अतोनात पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात पुण्याला व कालव्याला ते कमी पडायचे. भिंत उंच करावी तर खर्च फार, शिवाय जुन्या भिंतीवर भार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमीट करणारी दारे बसवली. साखळ्यांनी जोडलेली वजने आणि पाण्याचे हौद यांचा तोल असा राखलेला की, तलाव ठरल्या पातळीला आला की दार आपसूक उघडावे आणि पाणी उतरले की मिटावे. रात्री-अपरात्री पुराच्या वेळी माणसाने धावत जायला नको. १९०३ पर्यंत ही दारे बसली आणि भिंतीला हात न लावता सुमारे ८ फूट जादा पाणी साठू लागले. या कल्पनेचे पेटंट त्यांनी घेतले, पण आपल्याच खात्याच्या धरणावर वापरल्याबद्दल सरकारकडून पैसा घेण्यास नकार दिला.

दारांचे कौतुक सर्वत्र झाले. मला त्याहून मोठे वाटते ते नीरेवरचे काम, ज्याचा उल्लेख अभियंता दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतो.

येळवंडी नदीवर भाटघरचे धरण आणि त्याच्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. पुणे जिल्ह्याच्या अवर्षणी पूर्व भागाला दुष्काळात आधार द्यावा हा हेतू. घडले ते निराळे. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीवाला शेतकरी कालव्याचे पाणी मागेना, कारण त्याचे पैसे पडत. पाऊस दडी मारी तेव्हा सगळे एकदम मागत आणि पुरे कोणालाच पडत नसे. उसाचे बागाईतदार मात्र बारमाही पाणी घेत, आणि घेत ते मोजमापाशिवाय. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, अशी समजूत. परिणामी वरच्या अंगाच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या, खार फुटू लागला, डास आणि हिवताप वाढला. खालच्या अंगाला पाणीच पोहोचेना. एकाच कालव्यावर एकाची जमीन पाण्याने मेली आणि दुसऱ्याची पाण्यावाचून.

विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली ब्लॉक पद्धत ती या रोगावर. कालव्याचा लाभ पूर्वीपेक्षा अधिक गावांना मिळावा, मात्र प्रत्येक गावात निवडक, निचऱ्याच्या जमिनीचा ठरावीक ब्लॉकच भिजावा. त्या ब्लॉकात साधारण एक तृतीयांश ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची भुसार पिके, आणि त्यांचा फेरपालट. त्या बदल्यात शेतकऱ्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी. बागाईतदार खवळले. सभा झाल्या, वृत्तपत्रांतूनही टीका झाली. सरकार शेतकऱ्याच्या शेतात पीक ठरवायला निघाले, असा तो सूर होता. विश्वेश्वरय्या गावोगाव जाऊन शेतकऱ्यांशी बोलले, सवलती दिल्या आणि विरोध हळूहळू मावळला. १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी करणारे मंडळ फिरत होते. त्याच्यासमोरही त्यांनी ही पद्धत मांडली.

यात मला इतका रस का, ते सांगतो. आमचे गाव एका कालव्याच्या शेवटच्या चारीवर आहे. शेपटावरचे गाव. पाणी सुटल्याची बातमी आमच्याकडे आधी येते, पाणी मागाहून येते, आणि कधी कधी नुसती बातमीच येते. वडील रात्री कंदील घेऊन (आता बॅटरी घेऊन) चारीवर बसतात. वरच्या गावात ऊस उभा असतो आणि आमच्याकडे हरभरा सुकत असतो. लहानपणी मला वाटे, धरणात पाणी कमी म्हणून असे होते. धरण भरलेल्या वर्षीही तसेच झाले तेव्हा कळले की प्रश्न धरणाच्या पोटाचा नाही, पाटाच्या वाटणीचा आहे. ब्लॉक पद्धतीविषयी ग्रंथालयात वाचत असता मला एखाद्या ओळखीच्या माणसाची गाठ पडल्यासारखे झाले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी खुर्चीत बसलेल्या एका इंजिनिअरने शेपटावरचे गाव नकाशावर पाहिले होते.

ही पद्धत पुढे त्यांच्या मनासारखी राहिली असे मात्र म्हणता येत नाही. साखर कारखाने आले, उसाचे क्षेत्र वाढत गेले. उसाला आवर घालणारा ब्लॉक पुढे उसाला हमी देणारा ब्लॉक होऊन बसला. नियम तोच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचे फळ ठरले. २००५ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे कालव्याचे व्यवस्थापन सोपवणारा कायदा झाला. पाणी मोजून संस्थेला द्यावे आणि आत वाटणी शेतकऱ्यांनीच करावी, हे त्याचे तत्त्व. फडाच्या पाटकऱ्याला हे ऐकून फारसे नवल वाटले नसते!

पुणे सोडण्यापूर्वी १९०६ मध्ये विश्वेश्वरय्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथेही पाण्याचाच प्रश्न होता. १९०८ साली मात्र त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्या काळी चीफ इंजिनिअरची खुर्ची हिंदी माणसाच्या वाट्याला येत नसे. अंगी कर्तबगारी आहे, पण जन्म आडवा येतो, याचा अनुभव घेऊनच ते बाहेर पडले.

ते परदेशात प्रवास करीत असताना हैदराबादेत आकाश कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि त्यात सुमारे १५,००० माणसे गेली, असे मानले जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतले. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. शहरात भिंती किती उंच बांधाव्यात, इतकाच विचार करून ते परतले नाहीत. नदीच्या मागे मागे वर चढत गेले, पावसाच्या नोंदी गोळा केल्या, पाणलोट तपासला. शहराच्या वरच्या खोऱ्यात ७८८ लहान-मोठे तलाव होते. त्यांपैकी २२१ त्या अतिवृष्टीत फुटले होते. म्हणजे आभाळाच्या पाण्यात फुटल्या तलावांचे पाणी मिसळून तो लोंढा शहरावर आला. रोग शहरात दिसला, पण त्याचे मूळ वर होते. म्हणून शहराच्या वरच्या बाजूला मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर पूर अडवणारी दोन धरणे बांधावीत, अशी त्यांनी शिफारस केली. त्यातून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पूर थोपवणे आणि शहराला पिण्याचे पाणी, दोन्ही कामे त्यांनी केली. त्याबरोबर शहरासाठी भुयारी गटारांची योजना आणि नदीकाठी बांधीव तट व मोकळे रस्ते, हेही त्यांच्या आराखड्यात होते. आज मुसीत शहराचे सांडपाणी वाहते आणि देशातल्या फार प्रदूषित नद्यांत तिचे नाव घेतले जाते. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पुन्हा पूर आला, तेव्हा नाले आणि तलाव बुजवून झालेल्या वस्त्यांची चर्चा झाली. तलाव मोजून ठेवणारा माणूस येऊन गेलेल्या शहरात हे घडावे, याचे वाईट वाटते.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कन्नंबाडी येथे कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ साली सुरू झाले. त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून विस्तार करीत नाही. सुमारे १३० फूट उंचीची ही भिंत सिमेंटऐवजी सुरखीच्या चुन्यात बांधली गेली आणि खडकवासल्याची आपोआप चालणारी दारे तेथेही बसली. तिच्या कालव्यावर पुढे ब्लॉक पद्धतही आली. दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. एक, जुने कन्नंबाडी आणि आसपासची खेडी पाण्याखाली गेली. आणि दुसरी, खालच्या मद्रास इलाख्याने या धरणाला हरकत घेतली. लवाद झाला, १९२४ मध्ये करार झाला, आणि तरीही कावेरीचा तंटा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१८ साली निकाल लागेतो धगधगत राहिला. चारीवरचे भांडण आणि दोन राज्यांचे भांडण यांत मापाचाच काय तो फरक.

दिवाणपदाच्या सहा वर्षांत त्यांनी म्हैसूर विद्यापीठ (१९१६), बँक, कारखाने अशा कितीतरी गोष्टी उभ्या केल्या. परंतु हे पद त्यांनी १९१८ साली ज्या कारणाने सोडले, ते सोडून पुढे जाणे माझ्याच्याने होणार नाही. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजाला फार थोडी जागा होती. ती वाढवण्यासाठी महाराज नाल्वडी कृष्णराज यांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हते. नेमणूक गुणांवरच व्हावी, जातीवर जागा दिल्याने कारभार ढासळेल, असे त्यांचे मत होते. मतभेद वाढले आणि ते बाजूला झाले.

आमच्या घराण्यात कॉलेजात येणारा मी पहिला. माझी फी सरकारी शिष्यवृत्तीतून भरली जाते. तेव्हा या प्रसंगाकडे मी तटस्थपणे पाहतो असे म्हटले तर ते खोटे होईल. काही प्राध्यापकांशी आणि मित्रांशी मी यावर बोललो. कोणी म्हणाले, तो काळच तसा होता. पण त्याच काळात, किंबहुना त्याच्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्याच शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. आज पावसाळ्यात राधानगरीची स्वयंचलित दारे किती उघडली, ते कोल्हापूरकर रोज वर्तमानपत्रात पाहतात. म्हणजे पाणी आणि संधी ही दोन्ही अडवून ठेवलेली असतात आणि दोन्ही वाटावी लागतात, हे एकाच वेळी समजणारा माणूस त्या काळात होता.

विश्वेश्वरय्यांना ते का समजले नाही? ते दुष्ट नव्हते, स्वार्थी तर नव्हतेच. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले, वरच्या खुर्चीचे दार जन्मामुळे बंद असल्याचे त्यांनी सोसले. मला वाटते, ते आपल्या कष्टांवरून इतरांचे मोजमाप करीत. गरीब मुलाने शिकवण्या कराव्यात, अभ्यास करावा, पहिले यावे. त्यांनी तेच केले होते. परंतु त्यांच्या घरात पुस्तक होते. ज्याच्या घरी ते नाही, त्याचे शेत चारीच्या शेवटाला असते. नीरेवर त्यांनी बागाईतदाराला असे कधी म्हटले नाही की, ज्याच्यात ताकद आहे त्याने पाणी ओढून घ्यावे. तेथे त्यांनी मधे पडून वाटा ठरवून दिला. म्हैसुरात तोच वाटा त्यांना अन्याय वाटला. मी त्यांच्या पहिल्या म्हणण्याच्या बाजूने आहे, दुसऱ्याच्या नाही. हे लिहिताना त्यांच्याविषयीचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही.

पुढचे आयुष्य दीर्घ होते आणि रिकामे नव्हते. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांनी सावरला. १९३४ मध्ये देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. १९३७ च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटल्यावर, ओरिसातील महानदीच्या पुरांची पाहणी करायला गेले आणि तेथेही नुसते बांध घालण्यापेक्षा वरच्या अंगाला जलाशय करावेत, असे सुचवले. मुसीच्या काठी जे पाहिले तेच. १९५५ साली भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खालचे खडकवासलाही फुटले. पुण्याचे काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांकडून ऐकले असेल. ऐन तारुण्यात ज्या सांडव्यावर त्यांनी दारे बसवली होती, त्या धरणाची ही वार्ता आली तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळुरात होते, वय शंभरीला टेकलेले. खडकवासला नंतर पुन्हा बांधले गेले. आता तेथे दुसऱ्या प्रकारची दारे आहेत. १९६२ च्या एप्रिलात विश्वेश्वरय्या वारले. मुद्देनहळ्ळीला, त्यांच्या जन्मगावी, त्यांची समाधी आहे.